मुंबईत म्हातारपणी परवडणारं घर: आधी हातातली खोली सांभाळा, मग नवी शोधा

करी रोडच्या चाळीत माझ्या आत्याची दहा बाय बाराची खोली होती. भाड्याच्या पावत्या ती पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायची. कडा पिवळ्या पडलेल्या, सुतळीत ओवलेल्या, आणि सगळ्या आतोबांच्या नावाच्या. आतोबा जाऊन चार वर्षं झाली होती. घरमालकाच्या माणसानं भाडं घेणं बंद केलं होतं आणि दारात उभं राहून सांगितलं होतं, "भाडेकरू वारला, आता खोलीवर तुमचा हक्क नाही." आत्यानं ते खरं मानलं. मला म्हणाली, "बाय, म्हाडात कुठे अर्ज भरता येतो का बघ गो."

घर तिच्या हातात होतं आणि ती नवं शोधायला निघाली होती.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी मी कागदपत्रांच्या टेबलावर बसते. "परवडेल असं घर कुठे मिळेल?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी उलटा प्रश्न विचारते, "आता राहता ते घर कुणाच्या नावावर आहे?" कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसाला मुंबईत सगळ्यांत स्वस्त घर मिळतं ते त्याच्या जुन्या हक्काचं. तो हक्क भीतीपोटी, भिडेपोटी किंवा माहिती नसल्यानं सुटला, तर पुढचे सगळे रस्ते महागडे आणि लांबचे आहेत. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

पहिली पायरी: एक पिशवी भरा

घरातले कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणा. भाडेपावत्या किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुनी-नवी लाइटबिलं, रेशनकार्ड, आधार, पॅन, मतदारयादीतलं नाव, जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, पेन्शनचा कागद. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो काढून जवळच्या विश्वासाच्या माणसाला पाठवा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, मग तो बिल्डरचा माणूस असो, कार्यकर्ता असो की पोटचा मुलगा. "झेरॉक्स मारून आणतो" म्हणून नेलेल्या पावत्या परत आल्या नाहीत, हे रडून सांगणाऱ्या बायका मी या टेबलावर पाहिल्या आहेत.

जुनं लाइटबिल फेकू नका. कोणत्या वर्षी तुम्ही त्या जागेत होता हे सांगणारा तो सगळ्यांत भक्कम कागद आहे.

बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ हमखास निघतो. रेशनकार्डावर सासरचं घरगुती नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारावर तिसरंच. हे आधी सरळ करून घ्या. आधारात दुरुस्ती होते, आणि गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून आणता येतो. सोबत दोन दाखले काढून ठेवा: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे तो दर वर्षी नवा लागतो.

दुसरी पायरी: तुमचा हक्क कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

*चाळीतली किंवा पागडीची खोली.* पागडी म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली कमी भाड्याची जुनी जागा. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो, असं या कायद्यात स्पष्ट आहे. म्हणजे माझी आत्या आतोबा गेले त्याच दिवसापासून कायद्यानं भाडेकरू होती. मालकाच्या माणसाचं तोंडी बोलणं बिनबुडाचं होतं.

मालक भाडं घेत नसेल तर गप्प बसू नका. नेमका तोच पुढे म्हणतो की हिनं भाडं थकवलं. दर महिन्याला चेक लिहा, चिठ्ठीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि चेकची झेरॉक्स व पोस्टाची पावती एकत्र टाचून ठेवा. चेक परत आला तर तो लिफाफा न फोडता तसाच ठेवायचा. भाडं द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा असतो. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के करता येते, मनाला येईल तेवढी नाही. भाड्याची पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पाणी किंवा लाइट तोडून माणसाला बाहेर काढणं हा गुन्हा आहे.

आता आमच्या घरची चूक सांगते. आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही तिला संगमेश्वरला गावी नेलं आणि आठ महिने ठेवून घेतलं. खोलीला कुलूप. लाइटबिल शून्याच्या जवळ. परत आलो तर दारावर वकिलाची नोटीस चिकटवलेली. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर ती खाली करून मागण्याचं कारण मालकाला कायद्यानंच मिळतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. "सबळ कारणाशिवाय" या दोन शब्दांनी आम्हांला तारलं. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ऑपरेशनची आणि पुढच्या प्रत्येक तपासणीची तारीख होती. गणपती-शिमग्याला गावी जाऊन तिथेच रमणाऱ्या आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अधूनमधून येऊन राहा, आणि आजारपणासाठी बाहेर राहावं लागलं तर प्रत्येक कागद जपा. पागडीच्या खोलीत चार पैसे मिळावेत म्हणून पोटभाडेकरू ठेवणंही टाळा, त्यानंही घर हातचं जातं.

असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१०० आहे.

*मोडकळीला आलेली इमारत.* पालिकेनं इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवली, तर ती खाली करावीच लागते. जिवापेक्षा खोली मोठी नाही. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. निघण्याआधी तुमचं नाव आणि खोलीचं कार्पेट क्षेत्रफळ पालिकेच्या नोंदीत आलं आहे ना, ते पाहा आणि त्याची प्रत मागून घ्या. खोलीचे चारही भिंतींचे फोटो काढा, टेप लावून मोजमाप लिहून ठेवा. शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचं काम म्हाडाचं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. संक्रमण शिबिरातल्या पर्यायी जागेचा आणि पुनर्बांधणी होऊ न शकणाऱ्या इमारतींच्या रहिवाशांसाठी असलेल्या बृहतसूचीचा अर्ज तिथेच करायचा.

*झोपडपट्टी पुनर्वसन.* १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला मोफत घर, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला २.५ लाख रुपये भरून घर, असा नियम आहे. सगळा खेळ परिशिष्ट-२ या पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीचा आहे. त्यात नवऱ्याचं नाव असेल आणि तो वारला असेल, तर वारस म्हणून स्वतःचं नाव लगेच लावून घ्या. वर्षानुवर्षं वाट पाहू नका, तोवर चार दावेदार उभे राहतात. बांधकामाच्या काळात दुसरीकडे राहण्यासाठी बिल्डर देतो ते भाडं थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवं. "दादा, माझ्या मुलाच्या खात्यात टाका" असं भोळेपणानं लिहून देणाऱ्या आजी पुढे त्या भाड्यासाठी सुनेच्या तोंडाकडे बघतात. यादीत नाव अपात्र ठरलं तर अपील करता येतं, आणि वरच्या पातळीवर शिखर तक्रार निवारण समिती आहे.

*नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट.* इथे धोका बाहेरून येत नाही, घरातून येतो. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि सासू हयात असेल तर ती, सगळ्यांना समान हिस्सा मिळतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. तो विश्वस्तासारखा असतो. तेराव्याच्या आतच "आई, इथे सही कर" म्हणून हक्कसोडपत्र पुढे येतं. त्यावर सही करायची नाही. करायचीच असेल तर मुलांनी आईच्या नावे हक्क सोडावा, आईनं मुलांच्या नावे नाही.

बक्षीसपत्राचंही तसंच. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. इतकं स्वस्त असल्यामुळे लोक विचार न करता सही करतात, आणि सही होताच घर त्यांचं राहत नाही. त्याऐवजी मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र करणं भागच असेल, तर "मला मरेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क राहील आणि माझा सांभाळ, औषधपाणी तू करशील" ही अट त्यातच छापून घ्या. तोंडी वचन पुढे सिद्ध करता येत नाही.

तिसरी पायरी: मुलं बघत नसतील तर

ही पायरी लोकांना जड जाते. "लेकरावर केस कशी करू?" असं म्हणत डोळ्यांना पदर लावतात. मी त्यांना घाई करत नाही. पण २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा मुलाला तुरुंगात पाठवण्यासाठी केलेला नाही. आईवडिलांना छप्पर, जेवण आणि औषध मिळावं म्हणून केला आहे. कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच निवारा धरलेला आहे.

अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. तिथे उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी बसतात. अर्ज साधा मराठीत चालतो. स्वतःला जमत नसेल तर तुमच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. केंद्रीय कायद्याप्रमाणे महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. आईवडिलांना वयाची अट नाही. मूलबाळ नसलेल्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: वयाची ६० पूर्ण झालेला निपुत्रिक माणूस, ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागू शकतो. पुतण्याला खोली हवी असेल तर काकूला सांभाळण्याची जबाबदारीही त्याचीच.

याच कायद्याचं कलम २३ बक्षीसपत्राशी जोडलेलं आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि नंतर सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावायला सांगितला आहे. तरीही अट कागदावर असलेली केस आणि नसलेली केस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी एक सोय: जिल्हाधिकारी कार्यालय, म्हाडाचं गृहनिर्माण भवन आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, तिन्ही वांद्रे पूर्वेला आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसानं एकाच खेपेत तिन्ही कामं करावीत, आणि सकाळी लवकर पोचावं.

चौथी पायरी: महिन्याला हातात किती येतात ते मांडा

भाड्याचं घर बघण्याआधी हे कागदावर लिहा. खासगी कंपनीतून किंवा गिरणीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन कित्येकांना किमान म्हणजे १,००० रुपयांच्या आसपासच येते. वय ६५ असेल आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पासष्टीच्या आतल्या विधवा, अपंग, निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, रक्कम तेवढीच; अपंगांना मात्र ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. अर्ज तहसीलदाराच्या संजय गांधी योजना शाखेत. राज्यात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तो पहिल्या पायरीच्या पिशवीत आहे.

एवढी बेरीज करून २,५०० होतात. यात मुंबईत स्वतंत्र खोलीचं भाडं बसत नाही, हे मी लोकांना स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा दिली तर ते डिपॉझिटचे पैसे कर्ज काढून भरतात. ज्यांची मिळकत एवढीच आहे त्यांनी भाड्याच्या घरामागे न लागता दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर जोर लावावा, आणि तिथे काहीच नसेल तर थेट सातवीकडे जावं.

स्वतःचा छोटा फ्लॅट असणाऱ्यांचा खर्च थोडा हलका झाला आहे. मुंबई पालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. सोसायटीच्या बिलात तो अजून लावत असतील तर विचारा. घर आहे पण हातात पैसा नाही, अशांसाठी बँकांची रिव्हर्स मॉर्गेज योजना आहे. घर बँकेकडे तारण राहतं, बँक तुम्हांला हप्त्यानं पैसे देते आणि नवरा-बायकोपैकी एक जरी हयात असेल तोवर घरात राहता येतं. मूलबाळ नसलेल्या जोडप्यानं याची चौकशी नक्की करावी.

पाचवी पायरी: भाड्याचं घर घेताना

दोन बहिणी, दोन मैत्रिणी किंवा विधवा नणंद-भावजय मिळून घर घेत असतील तर गणित जुळतं. एकीचं आजारपण दुसरी बघते, हा फायदा पैशांहून मोठा. जागा शोधताना लोक फक्त भाडं बघतात. मी सांगते, सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल एका बसच्या अंतरावर आहे का ते आधी बघा. केईएम, सायन, नायर, राजावाडी, कूपर, यांपैकी जिथे तुमची फाइल चालू आहे ते. वांगणी-बदलापूरला भाडं कमी असतं, पण महिन्यातून दोनदा परळला यायचं असेल तर रिक्षा, लोकलची गर्दी आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस, हे सगळं भाड्यात मिळवा.

खोली बघायला दोनदा जा. एकदा पहाटे, पाणी येतं तेव्हा. नळ घरात आहे की चौकात? हंडा कोण उचलणार? आणि एकदा रात्री. सार्वजनिक संडास असेल तर दारापासून तिथपर्यंतची पावलं मोजा, वाटेत दिवा आहे का बघा, पायरी किती उंच आहे ते पाय ठेवून बघा. माझ्या आत्याचं हाड मोडलं ते रस्ता ओलांडताना नाही. पहाटे चारला, चाळीच्या गॅलरीतल्या ओल्या लादीवर.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायला देण्याचा, आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. खर्चाचा बाऊ करतात, पण एकूण भाड्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि पालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. महिना १०,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक तीनशेच्या आसपास भरतो. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात, एवढंच गणित.

अकरा महिन्यांचाच करार करायची काही सक्ती नाही. म्हाताऱ्या माणसाला दर वर्षी बिऱ्हाड हलवणं झेपत नाही, म्हणून ३६ महिन्यांचा मागा. नोंदणी फी तेवढीच लागते. त्यात एक कलम असं घाला की मालकाला मुदतीआधी बाहेर काढता येणार नाही, तुम्हांला मात्र एक महिन्याच्या नोटिशीनं सोडता येईल. सगळे मालक मान्य करत नाहीत, पण भाडं वेळेवर देणारं शांत ज्येष्ठ बिऱ्हाड काहींना हवंच असतं. भाडं मुलगा भरणार असला तरी करारात तुमचं नाव असू द्या.

पागडी आणि लिव्ह अँड लायसन्स यांतला फरक नीट समजून घ्या. पागडीचा भाडेकरू सहज हलवता येत नाही. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाही सोडली तर दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते. म्हणूनच पागडीची जुनी खोली सोडून "नव्या इमारतीत लिफ्ट आहे" म्हणून लायसन्सवर जाताना दहादा विचार करा.

हेवी डिपॉझिटपासून जपा. पाच-सात लाख एकरकमी द्यायचे आणि महिन्याचं भाडं नाही किंवा नावाला, असा हा व्यवहार असतो. प्रॉव्हिडंट फंडाचे आलेले पैसे असे गुंतवायचा मोह होतो. पण मालकानं तेच घर आधीच बँकेकडे गहाण टाकलं असेल, किंवा पैसे खर्चून टाकले असतील, तर तुमची आयुष्यभराची पुंजी कोर्टाच्या तारखांवर अडकते. नोंदणीकृत करारात पूर्ण रक्कम लिहिली नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.

करार नोंदवताना बायोमेट्रिकला बोटांचे ठसे उमटत नाहीत, ही नेहमीची अडचण. वर्षानुवर्षं भांडी घासून, गिरणीत साचे ओढून ठसे झिजलेले असतात. हात कोमट पाण्यानं धुवून पुसा आणि दहाही बोटं लावून बघायला सांगा. आधार केंद्रात ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करून घेतली तर पुढची कामं सोपी होतात.

सहावी पायरी: म्हाडा, सिडको आणि गिरणी कामगारांची घरं

म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशासाठी वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प आणि ९ लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट धरतात. उत्पन्न अर्जदार आणि जोडीदाराचं बघतात, कमावत्या मुलाचं नाही. म्हणजे गट मिळणं कठीण नाही. कठीण आहे ते पुढचं: घर लागल्यावर किंमत भरायची. बहुतेक बँका कर्जाची मुदत अर्जदाराच्या सत्तरी-पंच्याहत्तरीपर्यंतच देतात, त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी हप्ता आवाक्याबाहेर जातो. ज्यांच्याकडे निवृत्तीची एकरकमी पुंजी आहे किंवा मुलगा-मुलगी खरोखर हप्ते भरणार आहेत, त्यांनीच हा रस्ता धरावा. मुंबईत नंबर लागत नसेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची जाहिरात बघा, तिथे किमती तुलनेनं कमी असतात. अर्ज ऑनलाइन स्वतः किंवा घरातल्या कुणाकडून भरा. "कोट्यातून काढून देतो" म्हणणारा कुणीही असो, पैसे देऊ नका. म्हाडानं एजंट नेमलेले नाहीत.

गिरणी कामगारांची वेगळी सोडत आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरतो. तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, जे असेल ते पिशवीत टाका. सध्या शेलू-वांगणीच्या घरांची चर्चा आहे आणि ती मुंबईबाहेर असल्यानं कामगार संघटनांचा विरोधही आहे. तो विरोध मला पटतो. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभं राहिलं त्यांना सत्तरीत एकदम शहराबाहेर पाठवणं योग्य नाही. पण पात्रता निश्चित करून घेण्याचं काम त्यासाठी थांबवू नका.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे आणि त्यात ज्येष्ठ, विधवा व एकट्या स्त्रियांना प्राधान्य आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही ज्येष्ठांच्या घरांचा विषय आला आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण तोवर हातातली खोली सोडू नका.

सातवी पायरी: वृद्धाश्रम

पूर्वी हा शब्द उच्चारला की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. मी तो वाईट मानत नाही. एकट्या, आजारी माणसाला वेळेवर गरम जेवण आणि रात्री हाकेला ओ देणारं कुणी मिळत असेल, तर त्यात कमीपणा कसला?

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांत पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांपासून प्रवेश मिळतो. मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ पासून आहे. मुंबईसाठी चौकशी चेंबूरच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करा, आसपासच्या जिल्ह्यांत कुठे जागा रिकामी आहे तेही विचारा. संस्थांपैकी माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम निराधार स्त्रियांसाठी फार जुना आहे, आणि पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे. प्रत्येक ठिकाणी प्रतीक्षा यादी असते, म्हणून धडधाकट असतानाच नाव नोंदवून ठेवा. अंथरुणाला खिळल्यावर शोधायला निघालात तर बहुतेक दारं बंद मिळतात.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय, हे आधी विचारा. मग न कळवता दुपारी बाराच्या सुमारास जा, जेवणाच्या वेळी. ताटात काय आहे ते बघा, संडास-बाथरूमला धरायला दांडा आहे का बघा, आणि तिथल्या एखाद्या आजीजवळ बसून बोला, व्यवस्थापक शेजारी नसताना. कार्यालयात मात्र हे प्रश्न लेखी उत्तरासह विचारा. माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता की घरी पाठवता? डिपॉझिट परत मिळतं का, आणि किती दिवसांत? मासिक शुल्क कधी आणि किती वाढतं? रात्री हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जातं आणि कागदावर सही कोण करतं? बऱ्याच ठिकाणी स्थानिक पालक म्हणून कुणाचं तरी नाव मागतात. कुणीच नसेल तर ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र चालेल का, हेही विचारून घ्या. आमच्या संघानं अशी पत्रं दिली आहेत.

आश्रमात गेलात तरी चाळीतली खोली लगेच सोडून देऊ नका. पहिले तीन महिने करमतं का बघा, आणि सहा महिन्यांच्या नियमाची आठवण ठेवा.

आजच रात्री डोक्यावर छप्पर नाही, मुलानं दाराबाहेर काढलं, अशी वेळ आली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करा, पैसे पडत नाहीत. रात्री उशीर झाला असेल तर जवळचं पोलीस स्टेशन गाठा. तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या आणि पालिकेच्या बेघर निवाऱ्यात सोय करून मागा. ज्येष्ठ नागरिकाला असं टाकून देणं हा २००७ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. घरातून निघताना दुसरं काही उचलता आलं नाही तरी चालेल, कागदांची पिशवी आणि औषधं तेवढी बरोबर घ्या.